लोणावळ्याची पहाट आणि रमाबाईंचा 'गर्व'

जुन्या इंग्रजी कागदांत लोणावळ्याचे नाव 'लानोवली' असे येते. रेल्वेच्या वेळापत्रकात, नकाशांत, पाद्री मंडळींच्या पत्रांत सगळीकडे तेच. आंदर मावळातल्या ठोकरवाडी धरणाविषयी काही जुने मिळते का, हे मी बरीच वर्षे शोधतो आहे. आमच्या आंध्रा नदीचे पाणी अडवून टाटांनी वीज केली, त्याची ही गोष्ट. त्या नादात हेलन डायर या बाईंनी लिहिलेले पंडिता रमाबाईंचे १९०० सालचे इंग्रजी चरित्र हाती आले. धरणाचा त्यात संबंध असणे शक्यच नव्हते. पण 'लानोवली' दिसली आणि मी थांबलो. रमाबाई म्हणजे पुणे, फार तर केडगाव, असे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. मावळाशी त्यांचा काय संबंध?

संबंध आहे, आणि माझ्या मते तो त्यांच्या आयुष्याच्या ऐन वळणावरचा आहे. पण तो सांगण्याआधी लोणावळ्यात त्या काळी काय चालत असे ते सांगायला हवे.

खंडाळा ते पुणे लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि बोरघाटाचा चढ १८६३ साली जोडला गेला. त्यानंतर लोणावळा हे रेल्वेचे गाव बनले. इंजिनांची देखभाल करणारे, गार्ड, ड्रायव्हर अशा गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन लोकांची वस्ती झाली. विल्यम टेलर नावाचा अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक १८७१ साली मुंबईत आला. त्याला सर्वांत चांगला प्रतिसाद मिळाला तो याच लोकांकडून. या मेथडिस्ट मंडळींनी आपल्याबरोबर अमेरिकेतली एक पद्धत आणली. ती म्हणजे 'कॅम्प मीटिंग'. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला केंटकीच्या रानात हजारो शेतकरी गाड्या सोडून, तंबू ठोकून, दिवसचे दिवस प्रवचने ऐकत राहिले, तेव्हापासून ही प्रथा रूढ झाली. देवळाच्या भिंती नाहीत, मानाच्या जागा नाहीत. झाडाखाली बसायचे, ऐकायचे, आणि वाटले तर उठून चारचौघांत आपले मन उघडे करायचे. ज्यांनी आळंदीच्या वाटेवर पालाच्या मुक्कामातले रात्रीचे कीर्तन ऐकले आहे त्यांना यात परके काही वाटणार नाही. लोणावळ्याची हवा थंड, मुंबई आणि पुणे दोन्हीकडून आगगाडीची सोय, आणि भोवती रान. शिबिरासाठी ही जागा निवडली गेली यात नवल नाही.

१८९६ सालच्या अशा शिबिराला रमाबाई आल्या होत्या. त्यांच्या शारदा सदनातल्या, ख्रिस्ताला मानू लागलेल्या पंधरा मुली बरोबर होत्या. एके दिवशी पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या. सूर्य उगवत होता. लोणावळ्याहून पूर्वेला पाहिले की इंद्रायणीचे खोरे आणि नाणे मावळ, आणि त्यापलीकडे ईशान्येला आमचे आंदर मावळ. म्हणजे तो सूर्य आमच्या डोंगरांकडूनच वर आला असणार, एवढा गावाभिमान वाचकांनी खपवून घ्यावा. रमाबाईंनी पंधरा मुलींबद्दल देवाचे आभार मानले आणि मग एक विचित्र मागणे मागितले: पुढच्या शिबिरापर्यंत या संख्येचा वर्ग होऊ दे. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. लगेच त्यांच्या मनात शंका आली. सदनात जागा आणि पैसा जेमतेम आहे त्या मुलींपुरताच. एवढ्या येणार कुठून आणि राहणार कुठे? तेव्हा देवाला अशक्य असे काय आहे, असा प्रश्न करणारे यिर्मयाच्या ग्रंथातले एक वचन त्यांना आठवले. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

त्याच वर्षी पाऊस फसला. दुष्काळ पडला. आणि दोनशे पंचवीसहून जास्त मुली आल्या.

भाविक वाचक इथे चमत्कार पाहतील. मी इतिहासाचा माणूस, तोही कुठल्या विद्यापीठात न घडलेला. चमत्काराचा निवाडा करणे माझे काम नाही. मला त्या पहाटेत दुसरेच काही दिसते. मागणारी बाई कोण होती? अठरा हजार श्लोकांचे भागवत मुखोद्गत असल्याची जिची ख्याती, कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले, जिने इंग्लंडात बिशपांशी वाद घातला आणि अमेरिकेत पैसा उभा केला ती. तिच्यावर आयुष्यभर एकच आरोप वेगवेगळ्या लोकांनी केला, की ही बाई गर्विष्ठ आहे. पुण्याच्या सनातन्यांनी केला, आणि ज्यांनी तिला ख्रिस्ती केले त्या जोगिणींनीही केला. तो आरोप आणि ती पहाट यांच्यामध्ये तेरा वर्षे आहेत. या लेखाचा विषय ती तेरा वर्षे आहेत.

पण सुरुवात आणखी मागे, भुकेपासून करावी लागेल.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान पुराणिक. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून समाजाचा रोष पत्करणारे. तीर्थांमागून तीर्थे करीत, पुराण सांगत हे कुटुंब फिरत असे. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्याजवळचे सगळे संपले. तिरुपतीच्या परिसरातल्या रानात अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढले. रमाबाईंनी पुढे या दिवसांविषयी लिहिले, तेव्हा त्यांनी दोष फक्त पावसाला दिला नाही. आम्ही उच्च जातीचे, आम्हाला अंगमेहनत येत नव्हती, आणि हात पसरायला किंवा मजुरीला जायला आमचा अभिमान आड येत होता, असे त्या स्पष्ट सांगतात. वृद्ध, जवळजवळ अंध झालेल्या वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. मजुरी करण्यापेक्षा मरण सोपे वाटावे इतका तो जातीचा ताठा खोल होता. शेवटी थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो. तोवर उशीर झाला होता. काही महिन्यांत वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली.

आईच्या अंत्यविधीची हकिकत वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. स्मशान तीन मैलांवर. खांदा द्यायला ब्राह्मण मिळेनात. दोघांना दया आली, तिसरा भाऊ. चौथा खांदा रमाबाईंचा. पण त्या ठेंगण्या, खांद्यावर तिरडी पेलेना. म्हणून त्यांनी ती डोक्यावर घेतली. वय सोळा-सतरा.

रमाबाईंच्या 'गर्वा'विषयी बोलणाऱ्याने हा प्रसंग आधी वाचावा असे माझे मत आहे. अभिमानापायी माणसे कशी मरतात हे त्यांना कुठल्या प्रवचनातून शिकायचे नव्हते. पण जातीचा अभिमान असा उपाशी राहून गळून पडत असतानाच दुसऱ्या एका अभिमानाची मुळे रुजत होती. तो विद्येचा. भावंडे हजारो मैल पायी फिरली, कलकत्त्याला पोचली, आणि तिथे विद्वानांच्या सभेने या मुलीला डोक्यावर घेतले. भाऊ १८८० साली गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. दीड-पावणेदोन वर्षांत ते कॉलऱ्याने गेले. पदरी मनोरमा. १८८२ साली पुणे, आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष, 'स्त्रीधर्मनीती'. हे सगळे आपल्या शालेय पुस्तकांपर्यंत पोचलेले आहे, म्हणून पुढे जातो.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वॉन्टेज गावी सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन जोगिणींच्या मठात उतरल्या. याच मठाच्या जोगिणी पुण्यात पंचहौदाला काम करीत होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यामागे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे ख्रिस्ती झाल्यावरचे फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता. काशीचा हा पंडित ख्रिस्ती धर्माचे खंडन करायला निघाला आणि १८४८ साली स्वतः ख्रिस्ती झाला. वादात कोणाला न हटणारा हा माणूस स्वतःच्या श्रद्धेविषयी मात्र जन्मभर साशंक, आणि राहणीने अगदी साधा. रमाबाईंना तो पटला हे मला फार अर्थपूर्ण वाटते. गोऱ्यांच्या मिशनमधल्या कोणापुढेही न वाकलेली बाई एका म्हाताऱ्या, अबोल, आपल्याच मुलखातल्या शास्त्र्याचा लेख वाचून निर्णयाला आली.

मठात त्यांची आध्यात्मिक आई म्हणून नेमलेल्या होत्या सिस्टर जेराल्डीन. या दोघींची पत्रे म्हणजे एकोणिसाव्या शतकातला एक विलक्षण दस्तऐवज आहे. जेराल्डीन मनाने वाईट नव्हत्या. त्यांचे मनोरमेवर फार प्रेम होते. पण मठाच्या शिस्तीत आज्ञापालन हे व्रत. वरिष्ठांची आज्ञा मानणे म्हणजे आपला 'मी' मारणे, आणि जो प्रश्न विचारतो त्याच्यात 'मी' शिल्लक आहे, असे ते साधे गणित. रमाबाई तर प्रश्नच विचारत होत्या. त्रैक्याचा सिद्धांत बायबलात कुठे आहे? मठातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, आमच्या लोकांना ती कळणार नाहीत, संस्कृत का नकोत? चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत प्रतिकूल पडले. रमाबाईंनी विचारले, मी माझ्या देशात पुरुषांच्या सभांत व्याख्याने दिली, तेव्हा कोणाचे काय बिघडले? मला सदसद्विवेक आहे, बुद्धी आहे, माझे मत मी ठरवीन, असा त्यांच्या पत्रांचा सूर आहे.

आणि मग जेवणाचा मुद्दा आला. रमाबाई शाकाहारी होत्या, आणि अखेरपर्यंत राहिल्या. अंडी घातलेले पुडिंगसुद्धा त्या खात नसत. जेराल्डीनना यात जातीच्या गर्वाचे अवशेष दिसले. यावर रमाबाईंनी लिहिलेले उत्तर मी मराठी वाचकांनी वाचावेच असे म्हणेन. उपरोध असा की वाचताना हसू येते आणि पाठोपाठ घशाशी काही अडकते. हवा तर माझा गर्व पुडिंगमध्ये शोधा, लोण्यात शोधा, भातात, पाण्यात, बुटांत, मोज्यांत शोधा, अगदी मी रोज जाळते त्या ढीगभर कोळशातही शोधा, अशा अर्थाचे ते उत्तर आहे. जातीच्या सगळ्या सवयी माझ्यातून गेल्या नाहीत हेही त्या तिथेच कबूल करतात. पण आपल्या देशी अन्नाला आणि पोशाखाला चिकटून राहणे हा गर्व असेल तर इंग्रज बाईचे हिंदुस्थानात येऊन इंग्रजी जेवण जेवणे काय म्हणायचे, हा प्रश्न न विचारताही तिथे उभा राहतो.

इथे आपल्या भाषेची मदत घ्यावीशी वाटते. इंग्रजीत 'प्राइड' हा एकच शब्द बरेच काम करतो. आपल्याकडे गर्व वेगळा, अभिमान वेगळा, स्वाभिमान त्याहून वेगळा, अहंकार सर्वांत खोल, आणि मावळात बायाबापड्या ज्याला ताठा म्हणतात तो चालण्याबोलण्यात दिसणारा. देहू आमच्यापासून लांब नाही. अहंकार जाळावा हे इथल्या माणसाला कोणी नव्याने सांगायला नको. पण तो कोणी कोणाला सांगायचा? तुकोबा स्वतःला सांगतात. सत्ता असलेला माणूस सत्ता नसलेल्याला सांगू लागला की त्या शब्दाची जातच बदलते. पाटलाने कुळाला 'फार माजलास' म्हणावे, तसे ते होते. जेराल्डीनच्या पत्रांत मला पुष्कळदा हे दुसरे ऐकू येते, आणि त्यांना स्वतःला ते ऐकू येत नव्हते हे त्याहून वाईट.

म्हणून आजचे काही अभ्यासक या पत्रांत स्वाभिमानी स्त्रीचा लढा पाहतात आणि तिथे थांबतात. ते बरोबर आहे, पण अर्धे. कारण रमाबाई तिथे थांबल्या नाहीत.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेत गेल्या, पुढच्या वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, बोस्टनला मदतमंडळ स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. १८९०च्या अखेरीस सदन पुण्यात आले. धर्माबाबत तटस्थता हा नियम. मुलींना आपापले जातीचे आचार पाळण्याची मोकळीक. रमाबाई स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. उघड्या दारातून काही मुली आत येऊन बसू लागल्या, आणि पुणे पेटले. 'केसरी'ने तोफ डागली. १८९३च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकरांसह सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. उघड्या दाराचा प्रश्न माझ्या मते साधा नाही. दार उघडे ठेवणे हेही बोलावणेच असते, आणि अनाथ, आश्रित मुलीच्या बाबतीत तर अधिकच. सल्लागारांचे राजीनामे मला विश्वासघात वाटत नाहीत. पण दार बंद करा असे सांगणाऱ्यांपैकी कितीजणांनी एका तरी विधवेला घरात शिकू दिले होते, हा प्रश्नही तितकाच खरा.

या वादळाच्या आसपासच रमाबाईंच्या आत काहीतरी घडत होते. त्यांच्या १९०७ सालच्या आत्मकथनपर पुस्तिकेत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना कळले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. धर्म म्हणजे मते, ग्रंथ, पंथांतले वाद, ज्यांत त्या तरबेज होत्या. सोळा-सतराव्या वर्षापासून ज्या बळावर त्या जगल्या, ती बुद्धी त्यांना इथवर घेऊन आली आणि इथून पुढे तिचा उपयोग होईना. आपण पापी आहोत आणि आपल्या कर्तबगारीने त्यातून सुटणार नाही, हे त्यांनी मानले. त्याच शब्दांत त्यांना जेराल्डीननी आठ वर्षांपूर्वी सांगितले होते, तेव्हा त्यांनी झिडकारले होते. आता त्यांच्यावर कोणी वरिष्ठ नव्हता. सांगणारे कोणी नसताना त्यांनी ते स्वतःला सांगितले. या फरकात मला त्यांच्या सगळ्या चरित्राची किल्ली दिसते.

याच सुमारास त्या जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर अशा लोकांची चरित्रे वाचत होत्या. कोणापाशी वर्गणी न मागता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालये आणि मिशने चालवणारी ही माणसे. बोस्टनच्या मंडळाने दहा वर्षांची हमी दिली होती. ती मुदत १८९८ला संपणार होती. आणि १८९६ला त्या लोणावळ्याला आल्या.

आता त्या पहाटेच्या मागण्याकडे पुन्हा पाहा. पंधराचा वर्ग. पंडितेने हिशेब केला, आणि लगेच आपला हिशेब आपल्या आवाक्यात नाही हे ओळखले. तोवर त्यांनी जे उभे केले ते स्वतःच्या वक्तृत्वावर, लेखणीवर, ओळखींवर. दोनशे पंचवीस ही संख्या त्यांच्या हाताबाहेरची होती. म्हणजे रानात उभी राहून ही बाई जे मागत होती ते 'मला पुरे पडू नये' असेच काहीसे होते. शिबिरात त्यांच्याभोवती कोण होते हेही पाहावे. इंजिन ड्रायव्हर, गार्ड, त्यांच्या बायका, साधे उपदेशक. वॉन्टेजच्या विद्वान जोगिणी नाहीत, चेल्टनहॅमच्या प्राध्यापिका नाहीत, पुण्याचे न्यायमूर्ती नाहीत. 'सरस्वती' या पदवीचे त्या मांडवात कोणाला काही वाटले नसेल. रमाबाईंना तिथे मोकळे वाटले असावे, हा माझा अंदाज.

दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. मदतकेंद्रांवरच्या, रस्त्यावरच्या मुली त्यांनी गोळा केल्या, सुमारे तीनशे. पुण्यात प्लेगचे दिवस. शहरात इतक्या जणींना ठेवायला सरकारी मनाई झाली. केडगावला सदनाच्या उत्पन्नासाठी घेतलेली शेतजमीन होती. तिथे पाले ठोकली गेली. २४ सप्टेंबर १८९८ रोजी 'मुक्ति'ची इमारत समर्पित झाली. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

शारदा सदनात ब्राह्मण विधवांच्या सोवळ्याओवळ्याची सोय होती. मुक्तीत ती असणे शक्य नव्हते. दुष्काळाने आणलेल्या मुली सगळ्या जातींच्या. त्यांच्या अंगावर उवा, खरूज, फोड. त्यांना न्हाऊ घालायचे, भरवायचे, आणि हे काम सदनातल्या आधीच्या, बहुतेक उच्चवर्णीय मुलींनी करायचे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना आठवेल, की जातीची गाठ सुटायला लक्ष्मीबाईंना किती अवघड गेले आणि ती शेवटी स्वयंपाकघरातच कशी सुटली. मुक्तीत ते शेकडो जणींच्या बाबतीत एकाच वेळी घडले. तिरुपतीच्या रानात ज्या अभिमानाने हात पसरू दिला नाही, मजुरी करू दिली नाही, त्याला केडगावात जागाच ठेवलेली नव्हती. प्रत्येकीला हाताचे काम: दळण, विणकाम, तेलघाणी, शेती, छापखाना. आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन. मनोरमेने अमेरिकेत शिकलेली ब्रेल लिपी तिथे शिकवली. समाजाने 'पतित' म्हटलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. नियम, घंटा, प्रार्थना, काम, पुन्हा प्रार्थना. आज्ञापालनाच्या नावाने ज्या मठाशी रमाबाईंचे पटले नाही, त्या मठासारखेच काहीसे त्यांनी मावळतीच्या वयात स्वतः उभे केले, हा विरोधाभास मी लपवणार नाही.

त्यावरचे आक्षेपही लपवायचे कारण नाही. मुक्तीत येणाऱ्या उपाशी मुलीला धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य कितपत होते? तिथे शेवटचा शब्द रमाबाईंचाच चाले. १९०५च्या जूनअखेरीस तिथे जे धार्मिक 'जागरण' झाले, शेकडो मुली रडत, मोठ्याने पापे कबूल करीत, रात्रंदिवस प्रार्थना करीत राहिल्या, त्याने अनेक गोरे मिशनरीही अस्वस्थ झाले. मलाही ती वर्णने वाचताना अस्वस्थ वाटते. मात्र त्या वेळी रमाबाईंनी घेतलेली भूमिका नोंदवण्यासारखी आहे. हिंदी बायकांनी इंग्रजी पद्धतीने, रांगेत, हळू आवाजात रडावे असा आग्रह का, त्यांना त्यांच्या रीतीने देवाशी बोलू द्या, असे त्यांनी पाहुण्यांना सुनावले. लॅटिन क्रुसावर बोट ठेवणारी रमाबाई अजून तिथेच होती. नम्र झाली म्हणून मुकी झाली नव्हती.

नारायण वामन टिळकांनाही याच वाटेने जावे लागले. १८९५ साली बाप्तिस्मा, मग मिशनच्या पगारी चाकरीत बावीस वर्षे, आणि शेवटी १९१७ला सगळे सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार'. पण टिळक दोन वर्षांतच गेले. दरबार त्यांच्यामागे तग धरू शकला नाही. कवीच्या व्यक्तिमत्त्वावर उभी राहिलेली गोष्ट कवीबरोबर सरली. मुक्ती अजून आहे, कारण ती भाकरी भाजण्यावर उभी होती.

शेवटची पंधराएक वर्षे रमाबाईंनी बायबलाच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक त्या उतारवयात शिकल्या. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते समजत नाही, अशी त्यांची तक्रार. तेव्हा संस्कृतवरच ज्यांची कीर्ती उभी राहिली त्या बाईंनी संस्कृत शब्द एकेक करून खुडून काढले आणि साधे, बोलीकडे झुकणारे मराठी लिहिले. जुळारी बायका, छापणाऱ्या बायका, बांधणाऱ्या बायका, सगळ्या मुक्तीतल्या. मराठी गद्याच्या दृष्टीने ते भाषांतर कितपत जमले यावर मतभेद आहेत; मला ते जागोजाग खडबडीत वाटते. पण 'सरस्वती'ने आपली सरस्वती एका अडाणी वाचकिणीसाठी अशी उतरवून ठेवल्याचे दुसरे उदाहरण मला मराठीत ठाऊक नाही. जुलै १९२१मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ला बाहेर पडला. आमच्या ठोकरवाडीचे धरणही १९२२चेच. हा निव्वळ योगायोग, पण मी ज्या कामाला निघालो होतो त्याची तेवढी तरी नोंद व्हावी.

वॉन्टेजच्या पत्रांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. ती जपली जेराल्डीननीच. आपली खरमरीत पत्रे आणि रमाबाईंची त्याहून खरमरीत उत्तरे, दोन्ही. गर्वाचा आरोप आणि पुडिंग-कोळशाचे ते उत्तर, काहीही न गाळता, त्यांनी म्हातारपणी एकत्र लावून ठेवले. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो संग्रह मूळ इंग्रजीतून छापला. संकलक म्हणून त्यावर नाव आहे सिस्टर जेराल्डीन यांचे.